मुष्टिफंडाची तीन पोती

कोणी पेशा विचारला की मी 'एका फंडात कारकून होतो' असं सांगतो. खरं म्हणजे मी भीक मागत असे. फक्त माझ्याकडे झोळीच्या जागी पोतं होतं आणि देणाऱ्याला मी पावती देत असे. बावीस वर्षं हे केलं. ठाणे आणि कल्याण या दोन गावांत असं पांढरपेशं घर क्वचित असेल, ज्याच्या पायरीवर मी रविवारी सकाळी उभा राहिलो नाही.

या अंकाच्या संपादकांनी "सणाचे दिवस आहेत, काही गमतीदार लिहा" असं सांगितलं. गमती पुष्कळ आहेत, त्याही सांगतो. पण त्यांनी माझी एक अट मान्य केली म्हणून मी लेखणी उचलली आहे, आणि ती अट गमतीची नाही. ती ओघात येईल.

हल्लीच्या वाचकांना मुष्टिफंड म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. घरातल्या बाईने सकाळी भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ बाजूला ठेवलेल्या मडक्यात टाकायची. एवढंच. पैसे मागितले की ज्या घरचा यजमान कपाळाला आठ्या घालतो, त्याच घरची बाई मूठभर तांदूळ टाकताना विचारसुद्धा करत नाही, हे आमच्या रावसाहेबांनी बरोबर हेरलं होतं. रावसाहेब म्हणजे फंडाचे अध्यक्ष, ठाण्याच्या कोर्टातले जुने वकील. रविवारी मी दारोदार फिरून मडकी पोत्यात उपडी करायची, तांदूळ साठवायचे, भाव बघून विकायचे, आणि त्या पैशांतून मुंबईच्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन गरीब मुलांची फी भरायची, असा तो सगळा कारभार. मी स्वतः मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलो होतो. रावसाहेब मला म्हणाले, "तुला पास होता येत नाही ना? मग पास होणाऱ्यांचं ओझं वाहा." त्या दिवसापासून मी ओझं वाहू लागलो.

मूठ बघून घर ओळखता येतं, हे या धंद्यातलं माझं एकमेव शास्त्र. ठाण्याला तलावाजवळ एका बड्या अंमलदाराचं घर होतं. तिथलं मडकं महिनाभरानेसुद्धा तळाशीच. पुढे कळलं की मूठ टाकायचं काम घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीला दिलेलं होतं, तीन वर्षांच्या. मी बाईंना म्हटलं, "वहिनी, हिचा हात मोठा होईपर्यंत आमची मुलं म्हातारी होतील." त्या हसल्या, आणि मूठ मात्र त्या पोरीचीच राहिली. कल्याणला एक सावकार दर खेपेला किडे पडलेले तांदूळ घालायचे आणि वर "नीट निवडून घ्या हो" म्हणून बजावायचे. तिथेच पारनाक्याजवळ एक केशवपन केलेल्या आजी एकट्या राहायच्या. त्या एकभुक्त होत्या, तरी मूठ दोन टाकायच्या. एकादशीच्या दिवशी तर आपल्या वाट्याचा सगळा तांदूळ मडक्यात. मी एकदा म्हटलं, "आजी, एवढं नको." त्या म्हणाल्या, "अरे, मला कोणी शिकवलं नाही. कोणाला तरी शिकवतेय, ते तरी नीट करू दे."

दुसरे एक गृहस्थ होते, त्यांना दरसाल फंडाचा मुलगा घरी आणून दाखवावा लागे. ओसरीवर चार मंडळी जमवून ते त्याला इंग्रजी बोलायला लावायचे. त्यांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, पण मुलगा कुठे अडखळतो तिकडे त्यांचा कान असे. अडखळला की म्हणायचे, "आमच्या तांदळाचं चीज होत नाहीये." पोरगं खाली मान घालून उभं राही. मी हे चालू दिलं. त्या घरून वर्षाला एक अख्खं पोतं येत असे.

आता फीचं सांगतो, कारण सगळं तिथे येऊन ठेपतं. फंड सुरू झाला तेव्हा पाच पोती विकली की एका मुलाची एक टर्म निघायची. पुढे सहा लागायला लागली, मग आठ. सरकारचं म्हणणं असं, की कॉलेजावरचा खर्च शिकणाऱ्यानेच सोसावा. त्यांना फी वाढवायला एक कागद पुरे, आम्हाला दर वाढीला पन्नास नवी घरं गाठावी लागत. मुठी काही मोठ्या होत नाहीत. धान्य महागलं की पोत्याला भाव चढतो खरा, पण नेमका तेव्हाच बायकांचा हात आखडतो. बावीस वर्षं मी त्या फीच्या मागे धावत होतो, आणि ती कधी हाती लागली नाही.

अशात आमच्याकडे दामा आला.

दामा कोपरीचा, खाडीकडच्या आगऱ्यांपैकी. बाप मिठागरावर राबून राबून वारला होता, आई चांगुणा डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत असे. शाळेच्या पटावर त्याचं नाव 'दामा बिन गोमा', म्हणजे गोमाचा दामा, असं होतं. मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास झाल्यावर तो अर्ज घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या नडग्यांवर मिठाचे पांढरे ओघळ तसेच होते. कामावरून पाय न धुता आला होता. अर्ज इंग्रजीत, एकही चूक नाही. कमिटीतले दोन सभासद चुळबुळले. एक म्हणाले, "लोकांनी मूठ कोणासाठी दिली आहे, याचा विचार नको का?" रावसाहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "नियमांत जात लिहिली आहे का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग झालं तर."

झालं नाही. वार्षिक सभेत मी नावं वाचून दाखवली आणि पुढच्या रविवारी अकरा घरांची मडकी दारात उपडी घातलेली दिसली. इंग्रजी ऐकणाऱ्या गृहस्थांनी तर मडकं फोडून त्याच्या खापऱ्या माझ्या हातात दिल्या. मी मिळालं तेवढं गोळा करून घरी आलो, तर माझ्या ओट्याखाली चांगुणा उभी. उंच, काळी, हातांना मिठाने चिरा पडलेल्या. मला ती मास्तर म्हणायची. मी मास्तर नव्हतो. पण पगडी आणि हातात वही असलेला प्रत्येक माणूस त्या लोकांच्या लेखी मास्तरच.

"मास्तर, माजी मूठ चालंल का तुमाना?"

"कोरडं धान्य कोणाचंही चालतं, बाई."

"मग मना पन यक मरका द्या."

पुढच्या रविवारी मी तिला मडकं नेऊन दिलं. माझ्या फेरीतलं ते शेवटचं घर. तिची मूठ इतर बायकांच्या तिप्पट होती, आणि आठवड्याला ते मडकं काठोकाठ भरलेलं असे. मुलाची फी आम्ही भरत होतो आणि ती त्याच फीसाठी मूठ टाकत होती. मला ते फार मोठं वाटायचं. रावसाहेबांना मी अभिमानाने सांगत असे.

दामा सुटीत घरी आला की माझ्याबरोबर फेरीला यायचा आणि पोती तोच उचलायचा. एव्हाना माझी पाठ धरायला लागली होती, हे एक कारण. दुसरं कारण असं की मी धुवट धोतर-उपरणं घालून हिंडणारा माणूस, मला अंगावर धूळ घ्यायला आवडत नसे. दामा वाकायचा, पोतं पाठीवर घ्यायचा आणि पुढे चालायचा. मागून मी छत्री घेऊन. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचला तेव्हा आमच्या कमिटीत त्याला वकील करावा की मास्तर, यावर वाद चालायचे. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मास्तर, आधी बी.ए. होऊ द्या. आईला एकदा सांगायचंय की झालो."

त्याच साली गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईहून इकडे आला.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना सांगून समजणार नाही. ठाण्यातली माणसं गाव सोडून पळाली. रावसाहेब कुटुंब घेऊन पुण्याकडे गेले, कमिटीतला एकही जण जागेवर राहिला नाही. कोपरीची मंडळी घरं सोडून मिठागराच्या बांधांवर झोपड्या घालून राहिली. तिथे वारा मोकळा, जमीन खारट. एकही माणूस आजारी नव्हता. दामाची मुंबईची खोली सरकारने बंद केली होती, म्हणून तोही आईजवळ बांधावरच राहून अभ्यास करत होता. कल्याणची तर दशा बघवत नव्हती. गल्लीच्या गल्ली ओस पडल्या होत्या. पारनाक्याच्या आजी त्यातच गेल्या.

अशा वेळी कॉलेजचं पत्र आलं. टर्म ठरल्याप्रमाणे सुरू होणार, फी वाढीव दराने भरायची, आणि आठ दिवसांत न भरणाऱ्याचं नाव पटावरून कमी होणार. नाव कमी झालं की परीक्षेला बसता येणार नाही. फंडात होतं नव्हतं ते मी काढलं, तरी तीन पोत्यांची किंमत कमी पडत होती. आणि बरोबर तीन पोती तांदूळ कल्याणला पडून होते. ज्या व्यापाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत फंडाचा माल असे, तो गाव सोडून गेला होता. खोलीची किल्ली माझ्याकडे होती.

मी कोपरीला गेलो, दामाला म्हटलं, "चल, आपण पोती काढून आणू." तो लगेच उठला. चांगुणा चुलीपाशी होती, ती आडवी आली.

"मास्तर, थं उंदीर परल्यान. उंदीर परले क लोकां जागा सोरतान, थं कुनी जात नाय. माज्या पोराला नका न्यू."

मी हसलो. आम्ही शिकलेले लोक तेव्हा याला हसत असू. अडाणी माणसं म्हणत, उंदीर मरून पडू लागले की घर सोडावं, आणि आम्ही म्हणत असू की रोग घाणीतून येतो, कोंदट हवेतून येतो, तसं मोठमोठे डॉक्टर वर्तमानपत्रांत लिहितात. मी तिला म्हटलं, "बाई, उंदराचा आणि माणसाच्या तापाचा काय संबंध? खिशात कापूर ठेवला, तोंडाला फडकं बांधलं, की भीती नाही. तुझा मुलगा बी.ए. होणार आणि तू अजून असल्या गोष्टी धरून बसणार?"

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. ती वाटेतून बाजूला झाली. दामाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला आईचं पटत होतं, असं मला आज वाटतं. त्याच वस्तीतला जन्म त्याचा, उंदीर पडणं म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक असणार. पण तो म्हणाला, "आये, मास्तर शिकलेले हान. त्यांना म्हाईत हाय." आणि माझ्याबरोबर निघाला.

आणखी एक गोष्ट लिहून टाकतो. माझ्या बायकोच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. त्या गहाण टाकल्या असत्या तर कल्याणला जावं लागलं नसतं. मला तेव्हा सुचलं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं.

कल्याण स्टेशनावर डॉक्टर बसलेले असत. ते उतारूंच्या बगला चाचपत आणि माल अडकवून ठेवत. म्हणून आम्ही खाडीने गेलो, दामाच्या मामाच्या मचव्यातून. मामाने मचवा बंदराला लावला, पण स्वतः किनाऱ्यावर पाय ठेवला नाही. आम्ही दोघे बाजारातून चालत गेलो. दुकानं बंद, एक कुत्रं तेवढं मागून आलं. मी खोलीचं कुलूप काढलं आणि दार ढकललं, तो वासाने मागे सरलो. जमिनीवर उंदीर मरून पडले होते. मी मोजले नाहीत. एक पोतं कोपऱ्यात कुरतडलेलं होतं आणि त्यातही एक होता, तांदळात अर्धा रुतलेला.

दामाने कोपऱ्यातला झाडू घेऊन सगळे उंदीर एकीकडे लोटले. पोत्यातला शेपटीला धरून उचलला आणि हसत मला दाखवला. "मास्तर, ह्यानेपण आपली मूठ खाल्ली." मग एकामागून एक तिन्ही पोती उघड्या पाठीवर घेऊन त्याने बंदरावर नेली. ऊन होतं, म्हणून सदरा काढून ठेवला होता. मी सगळा वेळ उंबऱ्याबाहेर छत्री उघडून उभा होतो. नाकाला कापूर लावून.

परत येताना भरती होती, मचवा हळू चालला. दामा पोत्यांवर पालथा पडून पुस्तक वाचत होता. मधूनच पाठ, मान खाजवायचा. मी म्हटलं, "घाम आला असेल." तो म्हणाला, "असेल."

मिठागरांच्या मालकाला बांधावरच्या मजुरांसाठी तांदूळ हवेच होते, त्याने चाळून, पाखडून पोती घेतली आणि भावही चांगला दिला. मी स्वतः मुंबईला जाऊन मुदतीच्या आत फी भरली. कॉलेजच्या हेडक्लार्कने पावतीवर इंग्रजीत नाव घातलं, 'दामोदर गोमाजी'. मला इतका आनंद झाला होता की ठाण्याला उतरल्यावर घरी न जाता मी तसाच कोपरीला गेलो.

झोपडीबाहेर मामा बसला होता. आत दामा घोंगडीवर पडला होता, डोळे लाल, जांघेत गाठ. चांगुणा त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. तिने माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. दामाला शुद्ध होती. मी पावती दाखवली, त्याने हात पुढे केला. नावावर बोट ठेवून तो आईला म्हणाला, "आये, यं बग. ह्या माजा नाव हाय."

तिने कागदावर हात फिरवला. "ह्या सगला तुजा नाव?"

"एवढा. यंपासून थंपर्यंत."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. पावती त्याच्या मुठीत होती. मी ती बोटं सोडवून काढून घेतली. फंडाच्या दप्तराला ती लागणार होती आणि माझ्या डोक्यात त्या क्षणीही तेवढंच आलं. मूळ कागद फायलीला लावल्याशिवाय मी आयुष्यात एक दिवस काम केलं नव्हतं.

त्या आठवड्यात बांधावर आणखी दोघं दगावली. सरकारी माणसांनी तीन झोपड्या जाळल्या आणि चांगुणाला इतरांबरोबर तपासणीच्या छावणीत नेऊन ठेवलं. मी तिला भेटायला गेलो नाही. जाणार होतो.

घरी बसून मी काय केलं, तर कॉलेजला अर्ज लिहिला. विद्यार्थी टर्म सुरू होण्यापूर्वीच मयत झाला आहे, तरी फी परत मिळावी, ती दुसऱ्या गरजू मुलाच्या उपयोगी पडेल. सोबत पावती जोडली, मूळची. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: एकदा भरलेली फी परत करण्याचा नियम नाही. पावती त्यांनी ठेवून घेतली होती. त्या टर्मभर दामाचं नाव हजेरीपटावर राहिलं असेल आणि रोज कोणीतरी ते पुकारलं असेल.

साथ ओसरली, लोक परतले, फंड पुन्हा चालू झाला. मी पुन्हा दारोदार हिंडू लागलो. अकरा घरांपैकी चार परत आली. फी आणखी वाढली. दरसाल दोन मुलं आम्ही शिकवत होतो, त्यांतले काही आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत, भेटले की वाकून नमस्कार करतात. फक्त माझी फेरी आता कोपरीच्या अलीकडे संपत असे. रावसाहेबांनी एकदा विचारलं, "त्या आगरी बाईचं मडकं?" मी म्हटलं, "ती तिकडून गेली, रावसाहेब." धादांत खोटं. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

हे असं बारा वर्षं चाललं. पुढे रावसाहेब वारले, फंड बंद पडला आणि मी घरी बसलो. एके दिवशी वाचनालयात वर्तमानपत्र चाळत असता त्या रोगाविषयीचा मजकूर दिसला. सरकारी डॉक्टरांनी शोध लावला होता, की गाठीचा ताप उंदरांना आधी होतो, आणि उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात. मी तो मजकूर तीनदा वाचला. मचव्यात पोत्यांवर पडून पाठ खाजवणारा दामा मला दिसत होता. 'घाम आला असेल' असं मी म्हटलं होतं. वाचनालयातून बाहेर येऊन मी पायरीवर बसलो आणि मोठ्याने रडलो. येणारे-जाणारे बघत होते, तरी थांबता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरीला गेलो. चांगुणा घरातच होती. म्हातारी झाली होती, पाटी सुटली होती, पण पाठीचा कणा तसाच ताठ. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं. उंदीर, पिसवा, पोती, मी हसलो होतो ते, पाटल्यांचंसुद्धा. इतकी वर्षं मी तिला 'तू' म्हणत आलो होतो, त्या दिवशी ते तोंडून निघेना. म्हटलं, "तुम्ही खरं बोलत होतात. मी तुमचा मुलगा मारला."

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मना ता तवाच म्हाईत व्हता, मास्तर. मी बोललेली तुमाना."

"मग त्या वेळी मला काही बोलला का नाहीत?"

"तुमी आलावच नाय. बोलू कुनाला?"

मग तिनेच विचारलं, "तो कागद कुठं हाय?"

"कुठला?"

"त्याच्या हातानचा. तुमी सोरवून नेलाव. त्यान त्याचा नाव व्हता, मना बोटाशी दाखवलेला. तुमाना काम व्हता त तुमी नेलाव, मी काय बोलली नाय. आता काम झाला असंल. माजा मना द्या."

"तो माझ्यापाशी नाही. कॉलेजात पाठवला."

"कशाला?"

खोटं बोलायची माझी पुष्कळ सवय होती, पण तिथे जमलं नाही. "फी परत मिळावी म्हणून."

"मिलली?"

"नाही."

ती उठली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि खरोखर मला त्या हव्या होत्या. पण ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी पुष्कळ वेळ छत्री घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होतो.

त्यानंतर कॉलेजला मी दोन पत्रं लिहिली. इतके जुने कागद ठेवत नाहीत, नष्ट करतात, असं उत्तर आलं. शाळेचा जुना पट वाळवीने खाल्ला आहे. फंडाचं दप्तर रावसाहेबांच्या मुलांनी रद्दीत घातलं. दोन महिने मी ठाणे आणि मुंबई पालथी घातली, पण त्याचं नाव असलेला एकही कागद मला कुठे सापडला नाही.

म्हणून संपादकांना मी अट घातली, की लेख कापायचा तर कुठूनही कापा, एवढी एक ओळ मात्र छापा आणि ठळक छापा: दामोदर गोमाजी, राहणार कोपरी, बी.ए.चा विद्यार्थी, फी भरलेली.

अंक हाती आला की मी तो घेऊन जाणार आहे. तिला वाचता येत नाही. ते नाव कुठून कुठपर्यंत आहे ते मला बोट ठेवून दाखवावं लागेल, आणि त्यासाठी तिने दार उघडायला हवं.